डिसेंबरात भारतात येताय? आधी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा

महिनाभर भारतात यायचं ठरलं की सगळं लक्ष बॅगांच्या वजनाकडे असतं. शिकागो-टोरांटोकडच्या घरातल्या पाइपांचा विचार कुणी करत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. पाइपला चीर जाते, बर्फ वितळला की तळघरात पाणी साचत राहतं आणि तुम्ही असता पुण्यात.

निघायच्या दिवशी मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. मग सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या मजल्यावरचे नळ उघडून पाणी निथळू द्या, फ्लशही एकदा ओढा. घरात स्प्रिंकलर किंवा गरम पाण्याचे रेडिएटर असतील, तर आधी प्लंबरला विचारा. बिल वाचवायला हीटिंग मात्र पूर्ण बंद करू नका. थर्मोस्टॅट 55 अंश फॅरनहाइटच्या (13 सेल्सिअस) खाली नको. बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, म्हणजे ऊब पाइपापर्यंत पोहोचते.

विम्याची पॉलिसी जरूर वाचा. थंडीत रिकाम्या घराची कुणीतरी नियमित पाहणी करावी, अशी अट अनेकदा असते, आणि ती पाळली नाही तर दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून किल्ली विश्वासू शेजाऱ्यांकडे द्या. व्हॉल्व्ह कुठे आहे ते नुसतं व्हॉट्सॲपवर कळवू नका, त्यांना तळघरात नेऊन दाखवा. दारातला बर्फ काढायचंही त्यांच्याशीच बोलून ठेवा.

अमेरिकेत टपाल 30 दिवसांपर्यंत थांबवून ठेवता येतं.