रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचा इतिहास शोधायचाय? मग असं करा

आमच्याकडे कुणी जरा विचित्र वागला की 'ह्याला रत्नागिरीस न्या' म्हणतात. पण ते इस्पितळ तिथे आलं कधी, हे विचारा, मंडळी गप्प. ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 साली रत्नागिरीत आला हे पोरंही सांगतील. इस्पितळाचं सालही तेच, ते कुणाच्या गावी नाही.

ऑनलाइन शोधताना आधी जुनं नाव टाका: 'लुनॅटिक असायलम, रत्नागिरी'. 'मेंटल हॉस्पिटल' टाकलंत तर 1920 च्या आधीचं फारसं काही हाती लागणार नाही. मुंबई इलाख्यातल्या असायलमचे वार्षिक अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन करून फुकट ठेवलेत. मूळ पत्रव्यवहारासाठी मुंबईत काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जा. ओळखपत्र आणि पेन्सिल न्या.

अहवालात मजकुरापेक्षा तक्ते वाचा. किती आले, किती बरे होऊन गेले, किती दगावले, कुणाचा धंदा काय. मृत्यूचा आकडा एकदम फुगलेला दिसला तर त्या साली पटकी किंवा दुष्काळ होता का, तेही बघा.

'वेडाचे कारण' हा रकाना मात्र डोळे झाकून उतरवून घेऊ नका. तिथे गांजा, गांजा आणि पुन्हा गांजा. माणसाला आणून सोडणारा पोलीस जे सांगे, तेच पुष्कळदा कागदावर चढे. 1893-94 च्या भांग-गांजा आयोगाने 1892 साली दाखल झालेल्यांची प्रकरणं पुन्हा तपासली, तेव्हा यातली बरीच कारणं टिकली नाहीत. आयोगाचा अहवालही नेटवर आहे. असायलमचा भाग तेवढा वाचा, बाकीचा डोंगर राहू द्या.

मनोरुग्णांविषयीच्या कायद्यांची सालं वहीत एका बाजूला लिहून ठेवा: 1858, 1912, 1987, 2017. कागदावरची भाषा आणि दाखल करायची रीत कुठे बदलली, ते त्यावरून लगेच कळतं.

अलीकडच्या काळासाठी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. मंजूर खाटा, रिक्त पदं, इमारतींचे नकाशे मागा. रुग्णांच्या फायली मागू नका. मिळणार नाहीत, मिळूही नयेत. त्यापेक्षा व्हिजिटर्सचं, म्हणजे इस्पितळाची पाहणी करायला नेमलेल्या मंडळींचं, शेरेबुक मागा. 1912 च्या कायद्याने त्यांनी दर महिन्याला पाहणी करून शेरे लिहायचे होते. जुन्या वह्या शिल्लक असतील तर जेवण कसं होतं, हे त्यातच सापडेल.