नंबर तोच, कंपनी दुसरी: मोबाइल पोर्ट करण्याआधी आणि नंतर

एकेकाळी नंबरचे पहिले चार आकडे ऐकले की कंपनी कळायची. 9422 म्हणजे बीएसएनएल, 9822 म्हणजे आयडिया, 9890 म्हणजे एअरटेल. 25 नोव्हेंबर 2010 ला हरियाणात आणि 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर पोर्ट करण्याची सोय आली आणि हे ज्ञान निकामी झालं. तरी आमच्या वडिलांना तेरा वर्षांनीही पटत नव्हतं. जुलै 2024 मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिघांनी पाठोपाठ दर वाढवले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, स्वस्त प्लॅनवर जाऊ. त्यांचं उत्तर ठरलेलं: "नंबर गेला तर?" बँक, गॅस, आधार, विकास सोसायटीचं खातं, सगळीकडे तोच नंबर. नंबर जात नाही, हे समजावण्यातच एक रविवार गेला. प्रत्यक्ष कामाला त्याहून कमी वेळ लागला.

आधी हिशेब, मग पोर्ट

सगळ्यात महत्त्वाचं काम घरी बसूनच करायचं आहे, आणि नेमकं तेच लोक टाळतात. प्लॅनची किंमत बघू नका, दिवसाचा खर्च काढा. 28 दिवसांचा प्लॅन हा महिन्याचा प्लॅन नव्हे. वर्षात तो 12 नाही, 13 वेळा मारावा लागतो. समजा 299 रुपयांचा 28 दिवसांचा प्लॅन आहे. 13 वेळा म्हणजे 3,887 रुपये. बाराने गुणणारा माणूस इथेच 299 रुपयांना चुकतो. 84 दिवसांचा किंवा वर्षाचा प्लॅन असेल तर किमतीला दिवसांनी भागा आणि मगच तुलना करा.

दुसरं, कंपनी बदलायची गरज आहे का ते तपासा. घरातल्या ज्येष्ठांना बऱ्याचदा फक्त फोन करायचा आणि घ्यायचा असतो, डेटा वायफायवर भागतो. ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएस असलेले पॅक ठेवायला सांगितलं, आणि अशा खास व्हाउचरची मुदत 90 वरून 365 दिवसांपर्यंत नेण्याची मुभा दिली. हे पॅक दुकानदार आपणहून दाखवत नाही, अ‍ॅपमध्येही खाली कुठेतरी असतात. तिथे तुमचं काम होत असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही.

तिसरं, रेंज. स्वस्त प्लॅन घेऊन फोन हातात धरून गच्चीत उभं राहायचं असेल तर त्या बचतीला अर्थ नाही. ज्या कंपनीत जायचं तिचं कार्ड असलेला शेजारी, पाहुणा किंवा दूधवाला शोधा. त्याच्या फोनवरून स्वयंपाकघरातून, आतल्या खोलीतून आणि शेतावर किंवा ऑफिसात जाऊन एकेक कॉल करून बघा. एकाच गावात वरच्या आळीला पूर्ण कांड्या आणि खालच्या आळीला एकही नाही, हे आपल्याकडे नवं नाही.

पात्रता

सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले असले पाहिजेत. कार्ड हरवून किंवा खराब होऊन नुकतंच बदलून घेतलं असेल, तर 1 जुलै 2024 पासूनच्या नियमानुसार त्यानंतर सात दिवस पोर्टसाठी लागणारा कोड मिळत नाही. चोराने तुमच्या नावाने डुप्लिकेट कार्ड काढून लगेच नंबर पळवू नये म्हणून ही अट आली आहे. पोस्टपेड असाल तर आलेलं बिल भरलेलं हवं. आणि कार्ड ज्याच्या नावावर आहे त्यानेच दुकानात जायचं. इथे घरोघरी घोळ असतो: फोन आईचा, कार्ड धाकट्या काकांच्या नावावर, काका गेले सुरतला. असं असेल तर आधी मालकी बदलून घ्या, ते काम अर्धवट असताना पोर्ट होत नाही. आपल्या नावावर नेमकी किती कार्डं आहेत ते सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर दिसतं. त्या निमित्ताने बघूनच घ्या.

कोड मागवणे

पोर्ट करायच्या कार्डावरूनच 1900 या क्रमांकावर एसएमएस करायचा. त्यात इंग्रजी अक्षरांत पोर्ट हा शब्द, मग एक जागा सोडून तुमचा दहा आकडी नंबर. रिचार्ज संपला असला तरी हा एसएमएस जायला हवा. ट्रायने डिसेंबर 2021 मध्ये कंपन्यांना तसं स्पष्ट बजावलं आहे. जम्मू-काश्मीरमधल्या प्रीपेड ग्राहकांनी एसएमएसऐवजी 1900 ला फोन करायचा असतो.

उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा पोर्टचा कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. पूर्वी हा कोड जुनी कंपनीच बनवायची. 16 डिसेंबर 2019 पासून दोन कंपन्यांमधला पोर्टचा व्यवहार सांभाळणारी मधली संस्था जुन्या कंपनीकडून पात्रता तपासून घेते आणि मगच कोड देते. म्हणून कोड आला याचा अर्थ बहुतेक अडथळे पार झाले. नाहीच आला तर कारण सांगणारा मेसेज येतो. तो पुसू नका, दुकानात वाद घालायला तोच कामी येतो.

कोडची मुदत चार दिवस (आसाम, ईशान्य भारत आणि जम्मू-काश्मीरमध्ये 30 दिवस). त्यामुळे दुकानात जायच्या आदल्या दिवशी मागवा, पंधरा दिवस आधी मागवून ठेवण्यात काही हशील नाही. आणि हा कोड नव्या कंपनीच्या माणसाशिवाय कोणालाही सांगू नका. "पोर्टची ऑफर आहे, मेसेज वाचून दाखवा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. हा कोड गेला तर नंबर, आणि नंबरमागे बँकेचे ओटीपी जाऊ शकतात.

कोड मागवल्यावर जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात. ऑफर खरोखर चांगली असेल तर ऐकायला हरकत नाही, पण तोंडी आश्वासनावर थांबू नका. प्लॅन अ‍ॅपमध्ये दिसला तरच.

दुकानात

आधार घ्या, कोड सांगा, फोटो आणि ओळख पडताळणी होते, नवं कार्ड मिळतं. पोर्टचं शुल्क 6 रुपये 46 पैसे आहे आणि बऱ्याच ठिकाणी तेही घेत नाहीत. आमच्याकडे एका दुकानदाराने "पोर्टिंग चार्ज" म्हणून शंभर मागितले होते. पावती द्या म्हटल्यावर चार्ज नाहीसा झाला. पहिलं रिचार्ज मात्र करावं लागतं, आणि तिथे दुकानदार महागडा प्लॅन पुढे करतो. घरून हिशेब करून आणलेला प्लॅन नावानिशी सांगा.

मन बदललं तर अर्ज दिल्यापासून 24 तासांत 1900 लाच इंग्रजीत कॅन्सल आणि नंबर असा एसएमएस पाठवून पोर्ट रद्द करता येतं.

मधले दिवस

त्याच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेसाठी आखलेल्या विभागात, तीन कामाचे दिवस लागतात, सर्कल बदलत असेल तर पाच. मुंबई हे वेगळं सर्कल आहे, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. म्हणजे दादरचा नंबर पुण्याच्या सर्कलमध्ये नेताना पाच दिवस धरा. सुट्ट्या मोजत नाहीत. गणपतीच्या तोंडावर अर्ज करू नका.

तोवर जुनं कार्ड फोनमध्येच राहू द्या. जुना बॅलन्स आणि उरलेला डेटा नव्या कंपनीत येत नाही, म्हणून रिचार्ज संपत आलं असतानाच पोर्ट करावं. कार्डावर साठवलेले नंबर फोनमध्ये उतरवून घ्या. किती वाजता बदल होणार याचा मेसेज येतो. जुन्या कार्डाची रेंज गेली की नवं टाका, फोन बंद करून चालू करा.

त्या दिवशी पैशांचं काम ठेवू नका. यूपीआय अ‍ॅप कार्ड बदललेलं ओळखतं आणि पुन्हा पडताळणी मागतं, बँकेचे ओटीपीही सुरुवातीला उशिरा येऊ शकतात. व्हॉट्सअ‍ॅपला काही होत नाही, नंबर तोच असतो.

पोस्टपेडवाल्यांसाठी एक राहिलं. पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीचं शेवटचं बिल येतं, शेवटच्या काही दिवसांचं. ते जुन्याच पत्त्यावर किंवा ईमेलवर पडून राहतं आणि आपण विसरतो. न भरल्यास जुनी कंपनी नव्या कंपनीला सांगून तुमचा नंबर बंद करवू शकते. म्हणून जुन्या कंपनीचं अ‍ॅप ते बिल भरून पावती मिळेपर्यंत काढून टाकू नका.