लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल टॉर्चला कसे वापरायचे

लॅपटॉपची बॅटरी गेली म्हणजे आतले सगळेच सेल गेले असं नसतं. जाडजूड जुन्या पॅकमध्ये बहुतेक वेळा सहा सेल असतात, दोन-दोनच्या तीन जोड्या, आणि त्यातली एक जोडी जरी कमजोर झाली तरी आतलं सर्किट अख्खा पॅक बंद करून टाकतं, म्हणजे बाकीचे चार कित्येकदा ठणठणीत असतात. हे सेल १८६५० साइजचे, १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, आणि एका सेलवर चालणारे भरपूर टॉर्च याच साइजवर असतात. (पातळ लॅपटॉपमध्ये चपटे पाऊच असतात, ते यासाठी कामाचे नाहीत, उगाच उघडत बसू नका.)

पॅक उघडताना चष्मा लावा, आणि स्क्रू ड्रायव्हर आत खुपसायचा नाही, प्लॅस्टिकच्या जोडावरून हळूहळू उचकटायचं. सेलवरची निकेलची पट्टी पक्कडीने एका टोकाकडून गुंडाळत नेली की निघते. प्लसच्या बाजूला मात्र जपून, कारण सेलचा सगळा पत्रा मायनस असतो, अगदी प्लसच्या गोल टोकाभोवतीची कडसुद्धा, मधे फक्त एक बारीक इन्सुलेशन, आणि पट्टी तिथे सरकली की झाला शॉर्ट. वरचं प्लॅस्टिक फाटलं असेल तर प्लसकडची कागदी रिंग आणि हीट श्रिंकचं (तापवलं की आवळून बसणाऱ्या प्लॅस्टिकचं) नवीन कव्हर घातल्याशिवाय तो सेल टॉर्चमध्ये टाकू नका, टॉर्चची बॉडीपण मायनसच असते.

आता मल्टिमीटर घ्या आणि प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजा. २.५ व्होल्टच्या वर असेल तर पुढे जायचं. २ ते २.५ मधला सेल संशयित, माझ्याकडे पुरेसे सेल असतील तर मी तो ठेवतच नाही. २ च्या खाली गेलेला सरळ बाद, कारण इतका उतरलेला सेल तसाच पडून राहिला की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि चार्ज करताना तेच परत भलतीकडे जमा होऊन आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. दुसऱ्या सेलचा झटका देऊन मेलेला सेल जिवंत करायचे व्हिडिओ असतात ना, ते बघा आणि सोडून द्या. गंजलेला, चेपलेला, थिनरसारखा गोडसर वास येणारा सेल तर मोजायचीही गरज नाही.

चार्जिंग ४.२ व्होल्टला आपोआप थांबणाऱ्या लिथियम-आयनच्या चार्जरवरच, करंट अर्धा अँप ठेवा, आणि पहिल्या वेळी जवळच बसा, खाली फरशी किंवा पत्रा असू दे, आजूबाजूला कागद-कापड नको. नुसता कोमट झाला तर चालतं, हाताला गरम लागला तर काढा आणि बाद करा. चार्जर कपॅसिटी मोजणारा असेल तर तेही बघून घ्या, २२०० एमएएच लिहिलेल्या सेलने १५०० च्या वर दिले तर टॉर्चला पुष्कळ झाले.

पण खरी परीक्षा यापुढची आहे आणि तीच लोक गाळतात. फुल चार्ज केलेला सेल बाजूला काढून त्यावर तारीख आणि व्होल्टेज लिहा आणि महिनाभर हात लावू नका. महिन्याने ४.१ च्या वर असला तर पास, खाली आला तर आतून गळतोय, कपॅसिटी कितीही छान दिसू दे. चांगले आकडे दाखवून नंतर दगा देणारे सेल या चाळणीतच सापडतात.

आता टॉर्च. लॅपटॉपचे सेल जास्त करंटसाठी बनलेलेच नाहीत, दोनेक अँपपर्यंत ठीक, त्यामुळे हजारो ल्युमेनवाल्या राक्षसी टॉर्चमध्ये हे घालू नका, सेल तापेल आणि उजेडही कमी होईल. दुसरं म्हणजे या सेलवर स्वतःचं प्रोटेक्शन सर्किट नसतं, ते पॅकमध्ये होतं, म्हणून टॉर्चमध्येच लो व्होल्टेज कट-ऑफ हवा, म्हणजे सेल फार उतरला की टॉर्च आपोआप बंद होतो. स्वस्त टॉर्चमध्ये तो नसतो, तिथे उजेड मंद व्हायला लागला की लगेच बंद करून चार्जिंगला लावायचं, पार विझेपर्यंत चालवला की सेल संपला. तीन ट्रिपल-ए सेलचा होल्डर असलेल्या बऱ्याच टॉर्चमध्ये होल्डर काढून एक १८६५० बसतो, पण टॉर्चवर किंवा माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असेल तरच.

दोन सेल एकामागे एक लागणारे टॉर्च जुन्या सेलसाठी नकोच, कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलटा चार्ज करायला लागतो.

प्लसचं टोक सपाट असल्यामुळे काही टॉर्चमध्ये कॉन्टॅक्ट होत नाही, म्हणून लोक वर सोल्डरचा थेंब टाकतात किंवा छोटा मॅग्नेट ठेवतात. दोन्ही नको, सोल्डरिंगची उष्णता सेलच्या सील आणि सेफ्टी व्हॉल्व्हला बाधते आणि मॅग्नेट सरकला की परत तोच शॉर्ट. सपाट सेल घेणारा, स्प्रिंगवाला टॉर्च शोधा.

पडून ठेवायचे सेल ३.७ व्होल्टच्या आसपास ठेवा, फुल चार्ज करून नाही, आणि प्लॅस्टिकच्या डबीत, खिशात किल्ल्यांबरोबर तर अजिबात नाही. बाद सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात टाकले तर कचरागाडीत चेपून पेट घेऊ शकतात.