थिनरचा वास, यंत्राचा आवाज आणि कान: हंगामपूर्व दुरुस्ती व फवारणीसाठी सल्ला

पेरणीच्या तोंडावर अवजारांची दुरुस्ती निघते. गंज खरवडणे, ग्राइंडर चालवणे, रंग मारणे, सुटे भाग पेट्रोलमध्ये धुणे, पाइपांचे सांधे चिकटवणे अशी कामे एकापाठोपाठ एक होतात आणि लगेच फवारणी सुरू होते. या सगळ्यांत द्रावकाचा (थिनर-पेट्रोलसारख्या, विरघळवणाऱ्या आणि उडून जाणाऱ्या द्रवाचा) वास आणि यंत्राचा आवाज सोबतच असतात. दोन्ही कानाला घातक आहेत. एकत्र आले तर होणारे नुकसान दोघांच्या बेरजेपेक्षाही जास्त असू शकते. म्हणून हंगामाचे नियोजन करताना एक गोष्ट आवर्जून पाळा: द्रावकाचे काम आणि मोठ्या आवाजाचे काम एकाच दिवशी ठेवू नका.

द्रावक कुठे कुठे असतो ते आधी पाहून घ्या. थिनर आणि तेलरंगात बहुधा टोल्युइन किंवा झायलीन असते. पेट्रोलमध्ये ही दोन्ही असतात, शिवाय एथिलबेन्झीन आणि बेन्झीनही. पंक्चरच्या सोल्युशनमध्ये हेक्झेन किंवा टोल्युइन, तर फायबरच्या टाकीला ठिगळ लावण्याच्या रेझिनमध्ये स्टायरीन असते. कानाच्या दृष्टीने स्टायरीन यातल्या सर्वांत वाईट द्रावकांपैकी एक आहे. कीटकनाशकाच्या नावापुढे ‘ईसी’ (द्रावकात विरघळवलेले, पाण्यात दुधाळ होणारे औषध) लिहिलेले असेल, तर त्या बाटलीतही बहुधा झायलीनसारखा द्रावक असतो. २० ईसी म्हणजे मूळ औषध २० टक्के. उरलेला बराचसा भाग द्रावकाचाच. तेच औषध एससी (पाण्यात बारीक कण मिसळलेले) किंवा डब्ल्यूजी (पाण्यात मिसळायचे दाणे) स्वरूपात मिळत असेल आणि पिकासाठी त्याची शिफारस असेल, तर ते घ्या. औषधाचे विष तेवढेच राहते, पण द्रावकाची वाफ टळते.

कानात आणि मेंदूत काय होते

आवाज कानाच्या पडद्यातून आत येतो. द्रावक मात्र फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून आतल्या कानात पोचतो. त्यामुळे कानात बोळे घातले तरी द्रावक अडत नाही. आतल्या कानाच्या शंखाकृती नळीत केशपेशींच्या रांगा असतात. त्यांपैकी बाहेरच्या रांगा बारीक आवाज मोठा करतात आणि जवळजवळचे स्वर वेगळे ओळखायला मदत करतात. टोल्युइन, स्टायरीन आणि एथिलबेन्झीन नेमक्या याच पेशी मारतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक बारीक स्नायू आखडतो आणि आतल्या कानाला थोडा बचाव मिळतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत टोल्युइनने हा बचाव ढिला पडलेला दिसला आहे, म्हणजे तोच आवाज आत जास्त जोराने पोचतो.

नुकसान कानापाशी थांबत नाही. कानापासून मेंदूकडे जाणारा संदेश विजेच्या लहरींचा असतो. कानात टिकटिक आवाज सोडून डोक्यावरच्या तारांनी या लहरी मोजता येतात. निरोगी माणसात पहिल्या १० मिलिसेकंदांत पाच ठळक लहरी दिसतात. टोल्युइन चरबीत विरघळते आणि मज्जातंतूंवरचे आवरण चरबीचेच असते. दीर्घकाळ टोल्युइन हुंगणाऱ्या व्यसनी माणसांत पुढच्या लहरी उशिरा येतात किंवा दिसतच नाहीत, असे आढळले आहे. शेतकऱ्याच्या वाट्याला येणारी मात्रा तेवढी नसते, पण मार्ग तोच आहे.

तात्पुरता परिणाम तर त्याच दिवशी दिसतो. द्रावक मेंदूतले उत्तेजक संदेश दाबतो आणि शांत करणारे वाढवतो, बराचसा दारूसारखा. डोके जड होते, हात मंदावतात, अंतराचा अंदाज चुकतो. रंगकाम संपवून लगेच ट्रॅक्टरवर बसणे किंवा फिरत्या पीटीओजवळ (ट्रॅक्टरमागचा अवजार फिरवणारा दांडा) जाणे म्हणूनच धोक्याचे आहे. झायलीनच्या कामानंतर दारू घेतली तर शरीर झायलीन सावकाश बाहेर टाकते आणि रक्तातले प्रमाण वाढते.

वाफ किती साचते

याचा एक हिशेब मांडून पाहा. ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी खोली, पाऊस म्हणून दार-खिडकी बंद. त्यात फक्त १०० मिलि टोल्युइन उडून गेले तर हवेत साधारण ८५० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ८५० भाग, वाफ होते. कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेने पूर्ण पाळीसाठी १०० पीपीएम ही सरासरी मर्यादा घातली आहे आणि ५०० पीपीएमला जिवाला तत्काळ धोका मानला आहे. म्हणजे अर्धा कप थिनर पुरेसा होतो. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते, त्यामुळे खाली बसून काम करणाऱ्याला जास्त लागते. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असे समजू नका; नाकच थोड्या वेळात त्या वासाला सरावते. कष्टाच्या कामात श्वास वाढतो आणि आत जाणारी मात्राही वाढते.

रंगकाम उघड्यावर, वारा पाठीमागून किंवा बाजूने येईल असे उभे राहून करा. पाऊस असेल तर काम पुढे ढकला, दार लावून उरकू नका. भाग धुवायला पेट्रोल वापरूच नका. डिझेल किंवा साबणाचे पाणी घ्या. थिनरचे फडके झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. पेट्रोल नळीने तोंडाने ओढू नका.

फवारणीत द्रावकाचा मोठा डोस शिवारात नव्हे, औषध मोजताना मिळतो. पाण्यात मिसळल्यावर लिटरला २ मिलि उरते, पण बाटली उघडून मापात ओतताना तोंड थेट वाफेवर असते. मोजणी बाहेर, कंबरेच्या उंचीच्या टेबलावर, हात लांब ठेवून करा. औषधाची खोली आधी १५ मिनिटे उघडी ठेवा, मग आत जा.

कापडी किंवा साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. एन ९५ सुद्धा नाही. मास्कला सेंद्रिय, म्हणजे द्रावकांसारख्या, वाफेसाठीचे कोळशाचे कार्ट्रिज हवे आणि फवारणीत त्यावर कणांचा फिल्टर. दाढीचे खुंट असतील तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही. कार्ट्रिज उघडल्याची तारीख त्यावरच लिहा, काम झाले की हवाबंद पिशवीत ठेवा. उघडे ठेवले तर हवेतल्या वाफेने आणि दमटपणाने ते खर्ची पडते. आतून वास आला तर लगेच बाहेर या, पण वास येण्याची वाट पाहत बसू नका. उत्पादकाने दिलेल्या मुदतीत बदला. दवाखान्यातले पातळ नायट्राइल हातमोज्यांतून टोल्युइन काही मिनिटांतच आरपार जाते. ईसी औषधासाठी जाड, लांब बाह्यांचे नायट्राइल मोजे घ्या आणि थेंब सांडले की लगेच बदला.

आवाजाचे गणित वेगळे आहे. ८५ डेसिबल आठ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ९४ ला एक तास, १०० ला १५ मिनिटे. केबिन नसलेला ट्रॅक्टर आणि इंजिनाचा पाठीवरचा पंप ९० च्या पुढे सहज जातात. हात लांबवण्याएवढ्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर मर्यादा ओलांडली असे धरा. द्रावकाचेही काम असेल त्या हंगामात ८० पासूनच कान झाका. मास्कचा पट्टा इअरमफच्या गादीखालून गेला की फट पडते, त्यामुळे मास्कसोबत फोमचे बोळे बरे. बोळा स्वच्छ हाताने पातळ वळा, कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद धरून ठेवा.

कोणी चक्कर येऊन पडला तर श्वास रोखून, शक्यतो दोघांनी, त्याला मोकळ्या हवेत आणा. टाकीत किंवा खड्ड्यात मात्र त्याच्यामागे उतरू नका, मदत बोलवा. शुद्धीवर आल्यावर चालवू-पळवू नका. जास्त वाफेनंतर हृदय संवेदनशील झालेले असते, धडपड आणि भीतीने ठोके बिघडू शकतात. द्रावक पोटात गेला असेल तर उलटी करवू नका, थेट दवाखान्यात न्या.

कानांची तपासणी हंगाम सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा करा. आधी किमान १४ तास मोठ्या आवाजापासून दूर राहा. ‘आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत’, गर्दीत बोलणे निसटते किंवा कानात गुणगुण राहते, ही लक्षणे असताना साध्या श्रवण-आलेखात सारे ठीक दिसू शकते. डॉक्टरांना थिनर, पेट्रोल आणि ईसी औषधांचे काम स्पष्ट सांगा. गोंगाटातले बोलणे समजण्याची चाचणी, ओएई आणि बेरा यांबद्दल विचारा. ओएईत बाहेरच्या केशपेशींचे काम दिसते, तर बेरात कानापासून मेंदूच्या मुळापर्यंतच्या त्याच लहरी.