बाळाचा ढेकर काढताना कपडे का खराब होतात? या चुका टाळा

खांद्यावर फडकं होतं, तरी कुर्ता मागून ओला. बाळ सांभाळणाऱ्या घरात हे रोजचंच, आणि दोष जातो तो बाळाच्या पोटाला. पोटाचा वाटा आहेच. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप तान्ह्या बाळात पुरती आवळलेली नसते. आत गेलेली हवा वर येते तेव्हा थोडं दूध तिच्याबरोबर येतं. ही गुळणी साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असते. बहुतेक बाळांची वर्षाच्या आतबाहेर थांबते, काहींची दीड वर्षापर्यंत चालते. तेव्हा दूध येणार हे धरूनच बसायचं. ते कपड्यावर पोचतं मात्र फडक्याची जागा, कापड किंवा वेळ चुकल्यामुळे.

फडकं एकीकडे, तोंड दुसरीकडे

हातरुमालाएवढं फडकं घ्यायचं, त्याची चौघडी करायची आणि चुंबळीसारखी खांद्यावर ठेवायची, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. खांद्याचा माथा तेवढा झाकला जातो आणि दूध नेमकं तिथेच पडत नाही.

दुधाच्या वाटा तीन. बाळ उंच धरलं असेल तर त्याची हनुवटी खांद्याच्या पलीकडे जाते आणि गुळणी पाठीच्या फऱ्यावर पडते. ती तुम्हाला दिसत नाही, दुसऱ्या कुणीतरी सांगेपर्यंत वाळूनही गेलेली असते. बाळ खाली घसरलेलं असेल तर तोंड गळ्याजवळच्या हाडावर टेकतं आणि दूध सरळ कुर्त्याच्या गळ्यातून आत उतरतं. तिसरी वाट सर्वांत फसवी. बाळ गाल टेकून तोंड तुमच्या मानेकडे वळवतं, दूध मानेवरून ओघळतं आणि फडक्याच्या आतल्या कडेखालून कॉलरमध्ये शिरतं. फडकं वरून कोरडं आणि आत गळ्याची पट्टी चिकट, असं झालं तर ही तिसरी वाट समजा.

त्यामुळे फडकं मोठं हवं: साधारण 60 ते 70 सेंटिमीटरचा चौरस. तो मधोमध एकदाच दुमडला की 30 ते 35 सेंटिमीटर रुंदीची दुहेरी पट्टी मिळते. ती अशी टाका की एक तृतीयांश भाग पुढे छातीवर आणि दोन तृतीयांश मागे पाठीवर लोंबेल. आतली कड मानेला भिडवा आणि बोटभर उभी राहू द्या, म्हणजे कॉलरच्या आत जाणारी वाट बंद होते. मग बाळाला वर घ्या. आता एकदा मान वळवून त्याचं तोंड कुठे आलंय ते पाहा आणि फडकं त्या बाजूला ओढा. बहुतेक जण फडकं आधी नीट लावतात, पण बाळ घेतल्यावर पुन्हा पाहत नाहीत. आणि बाळ दर दोन मिनिटांनी डोकं फिरवत असतं.

बाळाची हनुवटी खांद्याच्या माथ्यावर टेकलेली, तोंड एका कुशीला आणि नाक पूर्ण मोकळं, ही स्थिती बरोबर. फडक्याची उभी कड नाकासमोर येत असेल तर ती खाली दाबा. कपडे वाचवण्याच्या नादात बाळाचा श्वास कापडात अडकायला नको.

आणखी एक छोटी गोष्ट. थकल्यावर आपण बाळाला उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतो आणि फडकं उजवीकडेच राहतं. दोन फडकी दोन्ही खांद्यांवर टाकून बसणं जरा विचित्र दिसतं खरं, पण पहिल्या तीन-चार महिन्यांत त्याचा उपयोग फार होतो.

थोपटता थोपटता फडकं सरकतं

थोपटण्याच्या प्रत्येक हिसक्याने फडकं केसभर मागे जातं, आणि पाच मिनिटांत पुढचा भाग उघडा पडतो. गुळगुळीत कपड्यावर, विशेषतः रेशमी किंवा पॉलिएस्टरच्या, ते अधिकच घसरतं. उपाय सोपा: पुढचं टोक बाळाच्या छातीखाली इतकं खाली घ्या की बाळाच्या वजनानेच ते दाबून राहील. अंगात ब्रा असेल तर मागच्या बाजूचं कापड तिच्या खांद्यावरच्या पट्ट्याखाली सरकवता येतं. सेफ्टी पिन, चिमटा किंवा ब्रोच वापरू नका. बाळाचा गाल तिथेच घासला जातो आणि पिन उघडली तर काय होईल ते सांगायला नको.

मागे पाणी न झिरपणारा थर असलेली फडकी मांडीसाठी उत्तम, खांद्यासाठी तितकीशी नाहीत. तो थर निसरडा असतो. शिवाय वरचं कापड पातळ असेल तर न शोषलेलं दूध त्यावरून घरंगळत कडेने बाहेर पडतं. खांद्यावर साधं, जाडसर, थोडं खरबरीत सुती किंवा टेरीचं कापडच बरं.

कापड दिसायला मऊ, शोषायला शून्य

विकत आणलेलं नवं फडकं थेट वापरात काढणं ही चूक. नव्या सुती कापडावर खळ आणि तेलकट अंश असतात, ते दोन-तीन धुण्यांनंतर निघतात आणि मग कापड खऱ्या अर्थाने पाणी पिऊ लागतं. तपासायचं असेल तर बोटाने पाण्याचा एक थेंब टाका. तो लगेच कापडात जिरला तर फडकं कामाचं. मण्यासारखा वर बसून राहिला तर ते फडकं दूध पुसेल, पण थोपवणार नाही.

फॅब्रिक सॉफ्टनरनेही हेच होतं. तो धाग्यावर एक पातळ आवरण चढवतो, कापड हाताला लोण्यासारखं लागतं आणि शोषणं कमी होतं. बाळाच्या फडक्यांना तो घालूच नका. कार्टूनची छपाई केलेली, पॉलिएस्टर मिसळलेली लहान फडकी भेट म्हणून ढिगाने येतात. ती तोंड पुसायला ठेवा.

थर किती हवेत हे स्वतःच पाहता येतं. एक चमचा, म्हणजे 5 मिली दूध एकेरी मलमलीवर ओता आणि खाली टिश्यू ठेवा. डाग भलताच मोठा पसरतो आणि टिश्यूही ओला होतो. तेच दूध चार पदरी मलमलीवर किंवा दोन पदरी जाड सुती कापडावर ओतून पाहा, म्हणजे फरक कळेल. या प्रयोगाचा आणखी एक फायदा: बाळाने ‘सगळं दूध टाकलं’ असं वाटतं तेव्हा ते बहुधा चमचा-दोन चमचेच असतं, हे डोळ्यांना पटतं.

जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती चादरीचे तुकडे या कामाला कुठल्याही महागड्या फडक्याइतकेच चांगले. फक्त कडा दुमडून शिवून घ्या. सुटलेला दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा अडू शकतो.

फडकं उशिरा येतं आणि लवकर जातं

दूध पाजून झालं, बाळ उचललं आणि मग फडक्याची शोधाशोध. गुळणी नेमकी याच वेळात येते, कारण आडव्या बाळाला उभं करताना पोट दाबलं जातं. फडकं पाजायला बसण्याआधी खांद्यावर असायला हवं.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे ढेकर आला की फडकं काढून टाकणं. पहिला ढेकर कोरडा आला म्हणून काम संपत नाही. पाठोपाठ दुसरा ओला येऊ शकतो. पाजल्यावर 20 ते 30 मिनिटं बाळाला उभं धरलं तर गुळणी कमी होते. तेवढा वेळ फडकंही जागेवर राहू द्या.

दूध बाहेर येण्याचं प्रमाणही थोडं आपल्या हातात असतं. बाटलीने पाजत असाल तर दर 60 ते 90 मिलीनंतर आणि अंगावर पाजत असाल तर बाजू बदलताना एकदा ढेकर काढा. सगळी हवा शेवटी एकदम निघाली तर ती जास्त दूध घेऊन वर येते. थोपटताना तळवा किंचित वाटीसारखा ठेवा, जोर मनगटाचा, दंडाचा नाही. बाळाला वर-खाली झुलवू नका. डायपरची कंबरपट्टी घट्ट बसली असेल तर तीही पोटावर दाब देते. चार-पाच मिनिटांत ढेकर आला नाही तर थोपटण्याचा जोर न वाढवता धरण्याची पद्धत बदला. प्रत्येक वेळी ढेकर येतोच असंही नाही.

मांडीवर घेतल्यावर डाग बाहीला आणि पायाला

मांडीवर बसवून ढेकर काढताना एका हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने बाळाचा जबडा धरायचा, गळ्यावर बोट येऊ द्यायचं नाही, आणि बाळ किंचित पुढे झुकवायचं. या स्थितीत दूध आधी तुमच्या हातावर, मग मनगटावर आणि तिथून बाहीत जातं. खांद्यावरचं फडकं इथे काहीच करत नाही. एक फडकं आधार देणाऱ्या मनगटावरून लोंबू द्या, दुसरं मांडीवर पसरा. बाही कोपरापर्यंत वर, घड्याळ बाजूला.

लाळेरं उपयोगी पडतं ते याच स्थितीत. खांद्यावर घेतल्यावर लाळेरं बाळाची छाती आणि तुमची छाती यांच्यात दबून राहतं, दूध त्याच्या वरून निघून जातं. तरी अनेक जण ‘लाळेरं आहे ना’ म्हणून फडकं घेत नाहीत. झोपवताना मात्र लाळेरं काढा आणि पाळण्यात सैल फडकंही ठेवू नका.

मांडीवर पालथं घ्यायचं असेल तर डोकं छातीपेक्षा जरा वर आणि तोंड एका कुशीला हवं. फडकं तोंडाखालून गुडघ्याच्या पुढे दोन वीत जाऊ द्या.

मांडीवरचा प्रत्येक ओलावा दुधाचा नसतो. बाळाच्या बुडाखाली हात घालून धरलं की डायपर दाबला जातो आणि भरलेला असेल तर मांडीजवळून गळतो. डायपरच्या पायाजवळच्या झालरी आत दुमडलेल्या राहिल्या असतील तर नुकताच बदललेला डायपरही गळतो. लावून झाल्यावर दोन्ही मांड्यांभोवती बोट फिरवून झालर बाहेर काढा. मुलगा असेल तर डायपर बंद करण्याआधी शिश्न खालच्या दिशेला आहे ना ते पाहा, नाहीतर गळती कमरेवरून वर येते आणि थेट तुमच्या पोटावर.

बाहेर जायच्या कपड्यांत बाळ घेणं

तयार झाल्यावर ‘एक मिनिट धर’ म्हणून बाळ हातात येतं. अशा वेळी हातरुमालावर भरवसा ठेवू नका. पुढून बटणं असलेला जुना सुती शर्ट उलटा, म्हणजे पाठ पुढे करून अंगात घाला. छाती, दोन्ही खांदे आणि बाह्या एकदम झाकल्या जातात, बटणं मागे जातात आणि काढायला दोन सेकंद लागतात. फडकं त्याच्यावर हवंच.

लोहाचे थेंब देताना तर हा शर्ट नक्की घाला. त्यांचे डाग दुधापेक्षा हट्टी असतात आणि क्लोरीन ब्लीचने उलट पक्के होतात. थेंब जिभेवर न टाकता गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडले की फवारा उडत नाही.

डाग पडल्यावर होणाऱ्या चुका

घाई झाली की गरम पाणी घेतलं जातं, आणि तिथेच डाग बसतो. दुधातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होऊन धाग्याला धरतात. आधी कोरड्या कापडाने टिपा, चोळू नका. मग डागाच्या उलट्या बाजूने गार पाणी सोडा, म्हणजे दूध ज्या वाटेने आत गेलं त्याच वाटेने बाहेर पडतं. नंतर एन्झाइम असलेल्या डिटर्जंटच्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि नेहमीसारखं धुवा. डाग गेला याची खात्री होईपर्यंत इस्त्री किंवा ड्रायर नको.

धुऊन ठेवलेल्या पांढऱ्या कपड्यावर महिन्याभराने पिवळा डाग उमटतो, तो राहून गेलेल्या स्निग्धांशाचा. हवेने तो हळूहळू पिवळा पडतो. म्हणून ‘दिसत नाही’ अशा डागालाही डिटर्जंट लावाच.

रेशीम आणि लोकर यांना एन्झाइमचं डिटर्जंट लावू नका. हे धागे स्वतःच प्रथिनांचे असतात आणि प्रथिनं तोडणारं एन्झाइम त्यांनाही खातं. रेशमावर तर नुसत्या पाण्याचंही वर्तुळ उठतं. तिथे टिपून घ्या आणि ड्रायक्लीनला देताना डाग दुधाचा आहे हे आवर्जून सांगा.

आंबूस वास राहत असेल तर शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर चालतं. पण ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र नको, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

एकच फडकं सगळ्याला

खांद्यावरचं फडकं नाक पुसायला, तेच हात पुसायला आणि कधी डायपर बदलतानाही. रंग ठरवून टाका: एक रंग खांद्याचा, दुसरा खालच्या कामांचा. ओलं फडकं पुन्हा खांद्यावर आलं तर बाळाच्या मानेच्या वळ्यांत ओल राहते आणि पुरळ उठतं. तान्हं बाळ दिवसात 8 ते 12 वेळा पितं, त्यामुळे रोज धुणार असाल तरी 10 ते 12 फडकी लागतात. बाहेरून आल्यावर ओली फडकी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. लगेच खळबळून वाळत घाला, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत.

फडक्याचा दोष नसतो तेव्हा

दूध ओघळण्याऐवजी दर वेळी जोराने लांब फेकलं जात असेल, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, तर डॉक्टरांना दाखवा. उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त दिसलं तर थांबूच नका. वजन वाढत नसेल, लघवीचे ओले डायपर कमी झाले असतील, पिताना बाळ पाठ ताणून रडत असेल, तरीही दाखवायला हवं. जाताना डाग पडलेलं फडकं न धुता एका पिशवीत घेऊन जा. फोटोत हिरवा आणि पिवळा रंग बऱ्याचदा सारखाच दिसतो.