मित्रासोबत गोव्याच्या किनाऱ्याने स्नॉर्कलिंगला निघालात? या चुका टाळा

दुसऱ्याने आखलेल्या सहलीत सामील होणारा माणूस सहसा फार बोलत नाही. गाडी मित्राची, बोटीचं बुकिंगही त्यानेच केलेलं, मग आपण कशाला खोडा घालायचा, अशी भीड आड येते. जेवणाखाण्यात ही भीड चालून जाते, समुद्रात ती जिवावर बेतू शकते. गोव्याच्या किनाऱ्याने गाडीने फिरायचं आणि मध्ये एक सकाळ ग्रँड आयलंड या बेटापाशी स्नॉर्कलिंगसाठी (म्हणजे मास्क लावून, नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत खालचं बघण्यासाठी) काढायची, असा बेत असेल तर खालच्या बहुतेक अडचणी आदल्या रात्री मोकळेपणाने बोलल्याने टळतात.

पोहता येत नाही, हे बोटीवर चढल्यावर सांगणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "लाइफ जॅकेट असतं ना, मग झालं तर" म्हणून विषय संपवला जातो. पोहता न येणाऱ्यालाही जॅकेट घालून स्नॉर्कलिंग करता येतं, पण तेव्हा हाताच्या अंतरावर एक जाणता माणूस हवा आणि तो कोण, हे पाण्यात उतरण्याआधी ठरलेलं हवं. पट्टीचा पोहणारा मित्र माशामागे कधी लांब गेला हे त्यालाही कळत नाही. म्हणून किती लांब जायचं आणि किती वेळ थांबायचं, हे गटातल्या सगळ्यात कच्च्या पोहणाऱ्याकडे पाहून ठरवा. यात कमीपणा अजिबात नाही.

जॅकेटचे पट्टे खालून वर आवळत या आणि मित्राला खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते सैल आहे.

मास्क हाती आला तो घालून उडी मारणं

बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर, पडला तर निःसंकोच दुसरा मागा. माप बरोबर असूनही पाणी झिरपत असेल तर कडेखाली केसांची बट किंवा मिशी आलेली असते. बट काढा, मिशीवर थोडं व्हॅसलिन लावा. पट्टा करकचून आवळू नका, त्याने कड दुमडते आणि पाणी उलट जास्त येतं. काचेवर धुकं धरत असेल तर आतून थुंकी चोळून समुद्राच्या पाण्यात एकदा बुचकळा. किळस वाटत असेल तर लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब पुरतो. चष्मा मास्कखाली बसत नाही, तेव्हा नंबरचा मास्क मिळेल का, हे बुकिंग करतानाच विचारायचं.

खरी घाबरगुंडी उडते ती श्वासामुळे. नाक बंद, तोंड पाण्यात आणि श्वास फक्त नळीतून, याची शरीराला सवय नसते. श्वास भराभर आणि उथळ होतो. माणूस समोर बघायला डोकं वर काढतो, त्यासरशी नळीचं टोक मागे कलून पाण्यात जातं आणि घोटभर खारं पाणी घशात उतरतं. मग पाय खाली सुटतात आणि तो सापडेल त्या खडकावर उभा राहतो. तो खडक जिवंत प्रवाळ असू शकतो. हे टाळायचं तर नजर खाली आणि किंचित पुढे ठेवा, नळीत पाणी आलं की एकच जोरदार फुंकर मारून ते बाहेर काढा आणि पहिली काही मिनिटं बोटीची शिडी सोडू नका. मित्राकडे स्वतःचं सामान असेल तर आदल्या दिवशी टबात किंवा मोठ्या बादलीत तोंड घालून नळीने श्वास घेऊन पाहा. व्हिडिओ बघण्यापेक्षा याचा फायदा कितीतरी जास्त.

लक्षद्वीपची अपेक्षा, आणि चुकीची वेळ

मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांचा गाळ इथल्या समुद्रात येतो. निळंशार, आरपार पाणी मनात धरून आलेला माणूस हिरमुसतो. चांगल्या दिवशीही पाच-सहा मीटरच्या पलीकडचं फारसं दिसत नाही, पण खडकाजवळ संथ तरंगत राहिलात तर पट्ट्यापट्ट्यांचे मासे अगदी हाताशी येतात. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. ऑक्टोबरात त्या सुरू झाल्या तरी पाणी लगेच निवळत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. शक्यतो सकाळची पहिली बोट धरा, कारण दुपारी वायव्येचा वारा उठतो आणि पाणी खवळतं.

पंचांगही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त असते आणि गाळ ढवळला जातो, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असते तेव्हा समुद्र त्या मानाने निवांत. मुंबईकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशेब गोव्यात जसाच्या तसा लावू नका. मुरगावला भरती मुंबईच्या आधी येते. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा.

नकाशावरच्या अंतरावर विसंबणं

किनाऱ्याचा रस्ता सलग नाही. तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ अशी एकेक नदी आडवी येते. कुठे पूल, कुठे फेरीबोट, तर कुठे आत वळसा घालून यावं लागतं. पाळोळेहून पणजी सत्तर किलोमीटरच्या घरात आहे, तरी सकाळी आठची बोट गाठायची म्हणजे भल्या पहाटे निघणं आलं, आणि अर्धवट झोप झालेल्या माणसाला बोट हमखास लागते. त्यापेक्षा आदली रात्र बोट सुटते तिथेच काढा. बायणा आणि बोगमाळोहून बेट जवळ पडतं. बोट लागणाऱ्याने गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी, उलटी आल्यावर घेऊन उपयोग नाही. बोटीवर मळमळ झाली तर मोबाइलमध्ये डोकं घालू नका, क्षितिजाकडे बघा.

गाडी भाड्याची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं आहेत ना, ते पाहून घ्या. खाजगी नंबरची गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विम्याचं घोंगडं भिजत पडतं. आणि रिमोटची किल्ली खिशात घेऊन पाण्यात उतरू नका.

प्रवाळाला हात लावणं

याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, म्हणजे हातभर उंचीचा गोळा आपल्या जन्माच्याही आधीचा असू शकतो. त्यावर टेकलेला पायातला एक फिन (पोहण्याचा पंखा) त्याचा जिवंत थर खरवडून काढतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळांचा समावेश आहे, त्यामुळे आठवण म्हणून तुटका तुकडाही उचलू नका. फोटोसाठी मासे जमावेत म्हणून कोणी पाव टाकत असेल तर त्याला थांबवा, मग तो मित्र का असेना. सनस्क्रीन थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा टी-शर्ट घाला. पाठ आणि पोटऱ्या आपोआप वाचतात.

जेलीफिशचा डंख झाला तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे काठीने किंवा कार्डाने उचला आणि जवळच्या जीवरक्षकाला दाखवा. श्वासाला त्रास वाटला तर थेट हॉस्पिटल गाठा.

परतीचा विचार न करणं

खारं पाणी आणि ऊन माणसाला थकवून टाकतं. बोटीवर बिअर मिळत असेल तर गाडी चालवणाऱ्याने तिला हात लावू नये. कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी कमी आहे. मित्र सकाळपासून चालवत असेल तर "आता मी घेतो" हे तुम्ही आपणहून म्हणा, लायसन्स घरी ठेवून येऊ नका.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. नुसत्या स्नॉर्कलिंगनंतर घाट चढायला हरकत नाही, पण हौसेने स्कूबाही (पाठीला हवेची टाकी लावून खोल बुडी मारणं) केलं असेल तर त्याच संध्याकाळी चोर्ला किंवा आंबोली चढू नका. आंबोली सुमारे ६९० मीटर उंच आहे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायला सांगतात. घाटालाही तोच हिशेब लावा: रात्र किनाऱ्यावरच काढा आणि दुसऱ्या दिवशी जेवून निघा.