पोस्टकार्ड पाठवताना : स्वस्त दर आणि त्यामागच्या अटी

साधे पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळते, तर वीस ग्रॅमपर्यंतच्या बंद पाकिटाला पाच रुपयांचे तिकीट लागते. दोन्ही पत्रे एकाच पेटीत पडतात आणि तोच पोस्टमन ती दारात आणून देतो. तरीही दरात दहापट फरक आहे, कारण कार्डाचा दर ही सवलत आहे आणि ती अटींवर दिलेली आहे. मजकूर उघडा असावा, तो छापील नसावा आणि कार्डासोबत दुसरे काहीही जाऊ नये, या त्या प्रमुख अटी होत.

पन्नास पैशांचे नाणे कायद्याने अजून चलनात असले तरी व्यवहारात ते दिसत नाही, म्हणून कार्डे जोडीनेच विकत घ्यावीत. पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेले ‘मेघदूत’ कार्ड पंचवीस पैशांचे असते. पंचवीस पैशांचे नाणे २०११ साली चलनातून गेल्यामुळे ती चारच्या पटीत घेणे सोयीचे पडते. उत्तर हवेच असेल तर एक रुपयाचे जोडकार्ड घ्यावे आणि उत्तराच्या अर्ध्या भागावर आपला पत्ता आधीच लिहून ठेवावा. ही कार्डे नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये आणि हैदराबादला छापली जातात. म्हणून नाशिककरांना ती घाऊक भावात मिळतात असे मात्र नाही.

कार्डाची मागची बाजू पूर्णपणे मजकुरासाठी असते. पुढच्या बाजूच्या डाव्या अर्ध्या भागातही मजकूर लिहिता येतो, पण उजवा अर्धा भाग केवळ पत्त्यासाठी सोडावा. मजकूर पत्त्यात घुसला की छाननी करणाऱ्याची, म्हणजे पत्रे ठिकाणांनुसार वेगळी लावणाऱ्याची, नजर अडते. कार्ड वाटेत कोणीही वाचू शकते, तेव्हा बँकेच्या खात्याचा क्रमांक किंवा घरगुती तंटा त्यावर लिहू नये.

पत्त्याबाबत नाशिक जिल्ह्यात विशेष काळजी घ्यावी लागते. पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव बहुला आणि पिंपळगाव खांब ही तीन वेगवेगळी ठिकाणे आहेत, त्यामुळे ‘मु. पो. पिंपळगाव, जि. नाशिक’ एवढ्यावर कार्ड योग्य घरी पोहोचेल अशी अपेक्षा करणे म्हणजे पोस्टमनच्या ओळखीपाळखीवर भरवसा ठेवणे होय. गावाचे पूर्ण नाव, तालुका आणि पिनकोड हे तिन्ही लिहावेत. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. त्यातील पहिला अंक विभाग दाखवतो, पहिले तीन अंक मिळून छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक नेमके टपाल कार्यालय सांगतात. छाननीचा जिल्हा आणि महसुली जिल्हा एकच असतो असे नाही. पंचवटीचा पिन ४२२००३ आणि नाशिकरोडचा ४२२१०१ आहे, पण मनमाड व मालेगाव नाशिक जिल्ह्यात असूनही त्यांचे पिन ४२३ ने सुरू होतात. म्हणून पिन अंदाजाने लिहू नये. परराज्यात कार्ड पाठवायचे असल्यास पत्ता इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिणे सुरक्षित ठरते.

लोकांची सर्वाधिक गफलत छापील मजकुराबाबत होते. गृहनिर्माण सोसायटीच्या सभेची सूचना किंवा वास्तुशांतीचे निमंत्रण कार्डांवर छापून घेतले, तर पन्नास पैशांचा दर लागू होत नाही. छापील कार्डाचा दर सहा रुपये आहे, म्हणजे बंद पाकिटापेक्षाही जास्त. माझ्या मते अशा वेळी सरळ पाकीटच वापरावे. स्पर्धेची उत्तरे पाठवण्यासाठी दहा रुपयांचे वेगळे स्पर्धा पोस्टकार्ड असते. दर बदलत असल्याने मोठ्या संख्येने कार्डे टाकण्यापूर्वी खिडकीवर विचारून घ्यावे.

स्वतः तयार केलेले किंवा चित्राचे कार्डही चालते, मात्र त्याचा आकार व जाडी सरकारी कार्डासारखी, म्हणजे सुमारे १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद, ठेवावी. पन्नास पैशांचे तिकीट मिळाले नाही तर एक रुपयाचे लावावे. जास्तीचे तिकीट चालते, कमी चालत नाही. पावतीवर लावायचे महसुली तिकीट टपालाला अजिबात चालत नाही. कार्डावर फोटो किंवा कापडाचा तुकडा चिकटवू नये.

छापील कार्डाचा वेगळा दर सोडला, तर या अटी मोडणारे कार्ड पत्र समजले जाते आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट आकारणी होते. पन्नास पैसेच भरलेले असतील तर साडेचार रुपये कमी पडतात आणि नऊ रुपये वसूल होतात, तेही ज्याला पत्र पाठवले त्याच्याकडून. असे नॉटपेड, म्हणजे पुरेसे तिकीट न लावलेले, पत्र त्याने नाकारले तर ते पाठवणाऱ्याकडे परत येते, आणि म्हणून डाव्या भागात आपला पत्ता लिहिणे आवश्यक आहे.

पन्नास पैशांचे कार्ड परदेशासाठी पुरत नाही. त्या देशासाठीचा दर खिडकीवर विचारून फरकाची तिकिटे लावावीत, पत्ता रोमन लिपीत लिहावा आणि देशाचे नाव शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत द्यावे.